परधर्मीयांसाठी आपण काय मागत आलो?

महोत्सवाच्या स्मरणिकेत बहुधा देवळाचा इतिहास येतो. जागा कशी मिळाली, पाया कधी घातला गेला, घंटा कोठून आली, कोणत्या फादरांच्या काळात कौले जाऊन स्लॅब आला, हे सर्व नोंदून ठेवणे अगत्याचे आहे, आणि ते काम आपल्यातील जाणत्या मंडळींनी करावे हेच योग्य. प्रस्तुत लेखकाने मात्र दगडविटांचा इतिहास न सांगता एका प्रार्थनेचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. ती प्रार्थना आपण वर्षातून एकदा, शुभ शुक्रवारी, गुडघे टेकून करतो आणि घरी जाईपर्यंत विसरूनही जातो. ख्रिस्तावर ज्यांचा विश्वास नाही त्यांच्यासाठी केलेली ती प्रार्थना होय.

हा विषय सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी शुभ शुक्रवारी आमच्या वृद्ध मातोश्रींस देवळापर्यंत चालवेना. आमचे शेजारी अण्णा हे गळ्यात तुळशीची माळ असलेले, कांद्याची शेती करणारे गृहस्थ. त्यांनी आपण होऊन आम्हा सर्वांस आपल्या गाडीतून देवळाशी आणून सोडले. दुपारचे तीन वाजले होते आणि चैत्राचे ऊन मी म्हणत होते. तेव्हा बाहेर ताटकळण्यापेक्षा ते आत येऊन शेवटल्या बाकावर बसले. उपासना संपल्यावर परतताना त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "मास्तर, जे विश्वास ठेवत नाहीत त्यांच्यासाठी म्हणून तुम्ही सगळे गुडघ्यावर बसलात, ते आम्हीच ना? मग आमच्यासाठी काय मागितलंत?" मी म्हणालो, "तुमचे कल्याण." ते हसले. "कल्याण म्हणजे काय? आम्ही तुमच्यात यावं, हेच ना?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. हो म्हणावे तर शेजाऱ्यास आपण उणे लेखतो असे होते. नाही म्हणावे तर प्रार्थना खोटी ठरते. विंचूरसारख्या गावात हा प्रश्न पुस्तकातला नव्हे. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याचे हे ठाणे, निफाड तालुक्यातील मोठे गाव, लासलगावच्या बाजारपेठेचे शेजारी. येथे आपली घरे मूठभर, आणि पेरणीपासून प्रेतयात्रेपर्यंत आपले सर्व व्यवहार इतर धर्मांच्या लोकांसह चालतात. त्यांच्यासाठी देवापाशी आपण काय मागतो, हे त्यांनी विचारले तर सांगता आले पाहिजे. अण्णांस द्यावयाचे उत्तर मी पुढे बरेच दिवस शोधीत राहिलो. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

आरंभ संत पौलापासून करावा लागतो. तिमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व मनुष्यांसाठी, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी विनंत्या व उपकारस्तुती करण्याची आज्ञा आहे. आणि तिचे कारणही तेथेच दिले आहे की, सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे. हे राजे कोण होते? एकही ख्रिस्ती नव्हता. रोमचे बादशहा स्वतःस देव म्हणवून घेत असत, आणि ज्या नीरोच्या राज्यात संत पेत्र व संत पौल ह्यांचा वध झाला त्याच नीरोसाठी रोमच्या ख्रिस्ती जनांस प्रार्थना करावी लागली. १५५ च्या सुमारास संत जस्टिन ह्यांनी बादशहास लिहिलेल्या निवेदनात, आम्ही आमच्या शत्रूंसाठी प्रार्थना करतो, असे स्पष्ट नमूद केले. त्यांचाही पुढे शिरच्छेदच झाला. १९७ च्या सुमारास आफ्रिकेतील टर्टुलियनने हीच गोष्ट अधिक तिखट भाषेत मांडली. बादशहाच्या मूर्तीपुढे धूप जाळण्यास आम्ही तयार नाही, पण त्याच्या दीर्घायुष्यासाठी व राज्याच्या स्वास्थ्यासाठी खऱ्या देवाची प्रार्थना आम्हीच करतो, असे त्याचे म्हणणे. अर्थात ही प्रार्थना दुबळ्यांची होती. जे मागत होते त्यांच्या हाती कसलीही सत्ता नव्हती, आणि ज्यांच्यासाठी मागत होते त्यांच्या हाती तलवार होती. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे पारडे फिरले.

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्मास राजाश्रय मिळाला. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात एक वाद उपस्थित झाला, आणि ह्या प्रार्थनेचा खरा अर्थ त्या वादातूनच उकलला. आपल्या बहुतेकांस तो ठाऊक नसतो, म्हणून येथे थोडे थांबतो.

प्रश्न असा होता: मनुष्य विश्वास ठेवू लागतो तो स्वतःच्या बळाने की देवाच्या कृपेने? कार्थेज नगरातील विटालिस नावाच्या एका गृहस्थाचे मत असे की, विश्वासाची सुरुवात मनुष्याची. शुभवर्तमान कानी पडल्यावर तो आपल्या मनाने होकार देतो, आणि देवाची कृपा त्यानंतर येते. संत ऑगस्टीन त्या वेळी वृद्ध झाले होते. त्यांनी ४२६ च्या सुमारास विटालिसला एक लांब पत्र लिहिले. त्यात त्यांनी शास्त्रवचनांची रास तर ओतलीच, पण खरा घाव घातला तो एका साध्या गोष्टीने. वेदीपाशी उभा असलेला धर्मगुरू लोकांस सांगतो की, अविश्वासी लोकांसाठी प्रार्थना करा, देव त्यांस विश्वासाकडे वळवो. तेव्हा तू काय करतोस? इतरांबरोबर 'आमेन' म्हणतोस की नाही? विश्वास ही जर मनुष्याची स्वतःचीच कमाई असेल तर ती देवापाशी मागण्याचे प्रयोजन काय? जे देवाने द्यावयाचे नाही ते त्याच्यापाशी मागणे ही थट्टाच नव्हे काय?

ऑगस्टीनच्या निधनानंतर त्यांचे अनुयायी अक्विटेनचे प्रॉस्पर ह्यांनी हाच मुद्दा पुढे नेला. त्यांच्या काळी जगभर एकाच रीतीने चालत असलेल्या विनंत्यांची त्यांनी यादीच दिली आहे: अविश्वासी लोकांस विश्वास लाभो, मूर्तिपूजक भ्रमातून सुटोत, यहुदी लोकांच्या अंतःकरणावरील पडदा दूर होवो, पाखंडी भानावर येवोत, फुटून गेलेल्यांस प्रीतीचा आत्मा मिळो, पतितांस पश्चात्तापाचे औषध मिळो आणि दीक्षार्थी स्नानसंस्काराप्रत पोहोचोत. ह्या यादीवरून त्यांनी असा सिद्धांत काढिला की, ख्रिस्तसभा कशी प्रार्थना करते त्यावरून ती काय मानते हे ठरवावे. आज ईशज्ञानाच्या प्रत्येक पाठशाळेत शिकविले जाणारे हे सूत्र मुळात अविश्वासी लोकांसाठी केलेल्या प्रार्थनेतून निघालेले आहे! उपासनेची शोभा, गायनाची पद्धत अशा चर्चांत आपण हे सूत्र उठल्यासुटल्या वापरतो. ते कोठून आले ह्याची मात्र कोणी चौकशी करीत नाही.

ह्यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. शेजाऱ्यास विश्वास मिळावा म्हणून जो प्रार्थना करतो तो आपल्या तोंडाने कबूल करतो की, हे दान माझ्या हातचे नाही. माझ्या युक्तिवादाने ते उत्पन्न होणार नाही, माझ्या पैशाने नाही, आणि माझ्या धाकाने तर मुळीच नाही. मलाही ते मिळाले आहे ते फुकट मिळाले आहे. मग ज्यास ते मिळाले नाही त्यास उणे लेखण्याचा मला अधिकार कोणता?

पण मनुष्य जे तोंडाने मागतो तेच हाताने हिसकावू पाहतो. खुद्द संत ऑगस्टीन, ज्यांच्यासाठी त्यांच्या मातेने, संत मोनिकेने, वर्षानुवर्षे रडून प्रार्थना केली आणि ३८७ च्या पुनरुत्थान सणी ज्यांचा स्नानसंस्कार झाला, तेही पुढे डोनाटस-पंथीयांस परत आणण्यासाठी सरकारी बडग्याचा उपयोग होऊ द्यावा, ह्या मतास आले. मेजवानीच्या दृष्टांतातील, लोकांस आत येण्यास भाग पाडण्याविषयीच्या वचनाचा त्यांनी त्या कामी आधार घेतला. त्या एका वचनाने पुढील हजार वर्षांत फार अनर्थ झाला. एवढ्या थोर संताच्या हातून हे व्हावे ह्याचे वाईट वाटते. पण झाले ते झाले, आणि इतिहास लिहावयाचा तर तो वगळता येत नाही.

आपल्याकडचाही हिशेब स्वच्छ नाही. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. त्यांच्या नावाने चालत आलेली अविश्वासी जनांसाठीची एक प्रार्थना आपल्या आजीपणजींस पाठ असे. ह्या लोकांचे आत्मे, हे देवा, तूच निर्माण केले आहेस, तुझ्याच प्रतिमेचे ते आहेत, ह्याची आठवण ती देवास करून देते. भाषा त्या काळची, कठोर आहे. पण मूळ धागा आपुलकीचा आहे. त्याच गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन झाले आणि मधला अल्प खंड सोडता ते १८१२ पर्यंत चालले. १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने, कोणासही बळजबरीने धर्मात आणू नये, असे तत्त्व घालून दिले. आणि त्याच परिषदेने देवळे मोडणे व हिंदूंचे धर्मविधी बंद करणे अशा मागण्याही केल्या. तत्त्व एका ओळीत, आणि त्याचा भंग पुढल्या ओळींत! १५ जुलै १५८३ रोजी साष्टीतील कुंकळ्ळी येथे फादर रूडोल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. १८९३ मध्ये त्यांस धन्य घोषित करण्यात आले आणि आपण त्यांस हुतात्मे म्हणतो, ते यथार्थच आहे. परंतु त्यापूर्वी पोर्तुगीज फौजेने त्या गावांतील देवळे जमीनदोस्त केली होती, आणि त्यानंतर गावकऱ्यांच्या प्रमुखांस बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून मारण्यात आले, हेही तितकेच खरे आहे.

ह्याच साष्टी प्रांतात त्या काळी एक इंग्रज येशूसंघीय राहत होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच वारले; चाळीस वर्षे त्यांनी येथील लोकांत काढली. तोफेच्या आश्रयाखाली वाढलेल्या त्या मिशनात त्यांनी जे केले ते निराळेच होते. ते येथील भाषा शिकले, नुसते कामापुरते नव्हे तर ओवी रचण्याइतके. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. त्यात शिष्य प्रश्न विचारतात आणि गुरू उत्तरे देतो. प्रश्न विचारणाऱ्यास गप्प बसविले जात नाही. त्याच्या शंकेस पुराणात जागा आहे. ज्याला धाकानेच काम उरकावयाचे आहे तो अकरा हजार ओव्या कशाला रचील? मला तर असे वाटते की, दुसऱ्याची भाषा इतक्या प्रेमाने शिकणे हीच त्या फादरांची त्यांच्यासाठी केलेली प्रार्थना होती. पंडितांस हे मत मान्य होईल की नाही ते न कळे.

असो. आता आपल्या मुलखाकडे येऊ.

एकोणिसाव्या शतकात ह्या प्रार्थनेस एक नवे वळण लागले. आतापर्यंत ती धर्मगुरूंची व मठवासीयांची होती. आता ती कामकऱ्यांच्या घरात शिरली. फ्रान्समधील लिआँ शहरी पोलीन झारिको नावाची तरुणी होती. तिने रेशमाच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलींचे दहा-दहांचे गट पाडले. प्रत्येकीने रोज एक 'स्वर्गीय पित्या' व एक 'नमो मारिया' म्हणावी, संत फ्रान्सिस झेवियर ह्यांस विनवावे, आणि आठवड्यास एक सू, म्हणजे एक पैशासारखे नाणे, मिशनकार्यास द्यावे, अशी ती योजना. त्यातूनच १८२२ मध्ये धर्मप्रसार मंडळ उभे राहिले. ह्या पोलीनला २२ मे २०२२ रोजी तिच्याच शहरात धन्य घोषित करण्यात आले. पुढे १८४४ मध्ये फ्रान्समध्येच फादर गोत्रेले ह्यांनी येशूसंघाच्या विद्यार्थ्यांत प्रार्थनेचे प्रेषितकार्य सुरू केले. मिशनदेशांत जाण्यासाठी उतावीळ झालेल्या तरुणांस त्यांनी सांगितले की, आहात तेथेच, आपला दिवसभराचा अभ्यास व कष्ट अर्पून, तुम्ही मिशनरी होऊ शकता. ह्या संघटनेची 'पवित्र हृदयाचा निरोप्या' अशा नावाची मासिके देशोदेशी निघाली.

त्यांतीलच एक आपल्या मराठीत निघाले. १९०३ मध्ये, अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ ह्या खेड्यात, जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग ह्यांनी 'निरोप्या' सुरू केला. नगर जिल्ह्याचे आजचे नाव अहिल्यानगर असले तरी जुन्या मंडळींच्या तोंडी अजून नगरच आहे. दरमहा कोणत्या हेतूसाठी प्रार्थना करावयाची हे त्या मासिकातून गावोगावी कळे. ज्या कुटुंबांस स्नानसंस्कार होऊन अजून एक पिढीही लोटली नव्हती, ज्यांचे स्वतःचे चुलते व मामा अद्याप ख्रिस्ती नव्हते, अशी कुटुंबे कंदिलाच्या उजेडात बसून जगातील अविश्वासी लोकांसाठी जपमाळ म्हणू लागली. हे दृश्य युरोपातील दृश्याहून अगदी निराळे होते. लिआँच्या मुलीस अविश्वासी मनुष्य म्हणजे समुद्रापलीकडील कोणी अनोळखी. आपल्या आजीस तो म्हणजे तिचा सख्खा भाऊ. फादर डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे महागुरुस्वामी झाले. १९२१ मध्ये त्यांस जपानात हिरोशिमाकडे धाडण्यात आले, आणि १९२७ मध्ये ते पुण्यास परतले. आपला नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी निराळा झाला. तोवर आपणही पुण्याच्याच छत्राखाली होतो. त्यामुळे ज्यांनी केंदळहून तो निरोप धाडला तेच पुढे आपल्या वाडवडिलांचे महागुरुस्वामी झाले.

ज्या वर्षी डोरिंग जपानातून परतले त्याच वर्षी, १४ डिसेंबर १९२७ रोजी, पोप अकरावे पायस ह्यांनी लिझ्यूच्या संत तेरेजाला संत फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती ठरविले. जिने मठाच्या भिंतीबाहेर पाऊल टाकले नाही तिला हा मान का? ती चौदा वर्षांची असताना, १८८७ मध्ये, पॅरिसमध्ये प्रांझिनी नामक इसमास तीन खुनांबद्दल देहान्ताची शिक्षा झाली. तो पाप-निवेदनास तयार नव्हता. तेरेजाने त्यास आपले पहिले लेकरू मानून त्याच्यासाठी धावा केला. आणि वधस्तंभापाशी त्याने अखेरच्या क्षणी क्रूसाचे चुंबन घेतले हे वर्तमानपत्रात वाचून तिचे डोळे भरून आले. ही कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असते. त्या वर्गात जे सहसा सांगत नाहीत ते पुढचे आहे. १८९६ च्या पुनरुत्थान सणापासून मृत्यूपर्यंत सुमारे दीड वर्ष तेरेजाच्या स्वतःच्याच मनात विश्वासाचा दिवा मालवल्यासारखा झाला. स्वर्ग आहे की नाही, ह्या काळोखात ती राहिली. तेव्हा तिने आपणास अविश्वासी लोकांच्या पंक्तीस बसलेली मानले, आणि त्यांच्यावर दया कर असे न म्हणता आम्हांवर दया कर अशी विनवणी केली. येथे प्रार्थनेची बैठकच बदलली. आतापर्यंत मागणारा वर उभा होता आणि ज्यासाठी मागावयाचे तो खाली. आता दोघे एका पाटावर आले.

मराठीत आपणास ह्याची खूण विशेष पटावी. आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन शब्द निराळे आहेत; 'आम्ही' म्हटले की ज्याच्याशी बोलतो तो बाहेर राहतो. देवाशी बोलताना आपण 'आम्ही' म्हणतो तेव्हा बाहेर राहतो तो देव. पण ह्या 'आम्ही'त शेजारचे अण्णा असतात की नसतात? व्याकरण त्याचे उत्तर देत नाही.

आमच्याच जिल्ह्याशी संबंध असलेली एक हकीकत येथे आठवते. ती आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतील नाही; तथापि मराठी ख्रिस्ती माणसाने ती आपली मानावी अशी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपले कविवर्य, १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने चालले असता डब्यातील एका युरोपीय प्रवाशाने त्यांस नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पतीने धर्म सोडला ही त्यांस जिवंतपणीची मरणवार्ताच झाली. काही वर्षे त्या मुलासह नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या नगरास पतीकडे आल्या, तरी त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. टिळक स्वभावाने तापट म्हणून प्रसिद्ध होते. परंतु ह्या बाबतीत त्यांनी घाई केली नाही. बायकोचे सोवळे घरात सांभाळले जाईल अशी व्यवस्था त्यांनी होऊ दिली. लक्ष्मीबाईंचे मन कोणाच्या वादविवादाने वळले नाही. माणसामाणसांतील शिवाशिव देवाने केलेली नव्हे, हे त्यांचे त्यांसच एके दिवशी उमगले. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली असतील त्यांस ठाऊक आहे की, ह्या साऱ्या प्रकारात त्यांनी कोणासही खलनायक ठरविलेले नाही: न सासरमाहेरच्या हिंदू आप्तांस, न ख्रिस्ती झालेल्या पतीस. एका छपराखाली दोन चुली ठेवून वाट पाहणे, हे मला विटालिसला लिहिलेल्या त्या लांब पत्राहून अधिक पटणारे उत्तर वाटते.

आता शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेकडे वळू, कारण अण्णांचा प्रश्न तिच्याविषयी होता. मिस्सातील सर्वसाधारण विनंत्या सहाव्या शतकाच्या सुमारास रोमी पद्धतीतून गळाल्या, आणि वर्षातून ह्या एका दिवशीच शिल्लक राहिल्या. त्या नऊ होत्या. त्यांतील शेवटची 'मूर्तिपूजकां'साठी होती: देवाने त्यांच्या अंतःकरणातील अधर्म काढून टाकावा, आणि मूर्ती सोडून त्यांनी जिवंत देवाकडे व त्याच्या पुत्राकडे वळावे, असा तिचा आशय. तिच्या आधीची यहुदी लोकांसाठी होती, आणि तीत त्यांस विश्वासघातकी अशा अर्थाचा वाटणारा एक लॅटिन शब्द होता. इतर विनंत्यांच्या वेळी सर्व गुडघे टेकीत. नवव्या शतकापासून ह्या एका विनंतीस मात्र टेकीत नसत. हे सर्व लॅटिनमध्ये चाले. आपल्या आजोबांस शब्द समजत नसत; गुडघे कधी टेकावयाचे आणि कधी नाही एवढे समजे, आणि शरीरास जे समजते ते मनात खोल जाते.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातील लक्षावधी यहुद्यांचा संहार झाल्यावर ह्या शब्दांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. १९५५ मध्ये पोप बाराव्या पायस ह्यांनी पवित्र सप्ताहाची उपासना सुधारली, तेव्हा त्या विनंतीसही गुडघे टेकणे सुरू झाले. १९५९ च्या शुभ शुक्रवारी पोप तेविसाव्या जॉन ह्यांनी तो दुखरा शब्द गाळला. १९६३ मध्ये कोणा धर्मगुरूच्या तोंडून सवयीने जुनाच शब्द निघाला, तेव्हा पोपमहाशयांनी उपासना थांबवून ती विनंती पुन्हा नव्या शब्दांत म्हणावयास लावली. त्यानंतर दोनच महिन्यांनी ते वारले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संत पौलाच्या त्याच वचनाचा दाखला देऊन श्रद्धावंतांच्या विनंत्या मिस्सात परत आणिल्या. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी तिने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही असे जाहीर केले, आणि त्याच वर्षी ७ डिसेंबर रोजी धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये असे ठरविले. १५६७ मध्ये गोव्याच्या परिषदेने जे तत्त्व सांगून मोडले ते पाळण्यास चार शतके लागली!

ह्या सर्वांचे फळ म्हणजे १९७० ची नवी मिस्सावही. तीत विनंत्या दहा आहेत. 'मूर्तिपूजक' हा शब्द गेला आहे. त्याच्या जागी दोन विनंत्या आल्या: एक ख्रिस्तावर विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी, दुसरी देवाचे अस्तित्वच न मानणाऱ्यांसाठी. पहिलीचा आशय असा: जे ख्रिस्तास मानीत नाहीत ते देवासमोर शुद्ध मनाने चालत राहून सत्याप्रत पोहोचोत, आणि आम्ही स्वतः एकमेकांवरील प्रीतीत वाढून, तुझ्या जीवनाचे रहस्य अधिक जाणून, तुझ्या प्रीतीचे अधिक चांगले साक्षी होवोत. दुसरीत, जे योग्य आहे ते प्रामाणिकपणे आचरीत त्यांस देव सापडो, आणि विश्वास ठेवणाऱ्यांची सत्कृत्ये पाहून त्यांनी त्यास ओळखावे, असे मागितले आहे.

येथे काय झाले ते पाहावे. ख्रिस्त सर्वांस मिळावा ही मागणी सोडलेली नाही. ती सोडली तर आपण ख्रिस्ती कसले? पण त्यांच्यासाठी म्हणून मागता मागता अर्धी प्रार्थना आपल्यावरच उलटली आहे. त्यांच्या अंतःकरणात अधर्म आहे असा आरोप त्यात नाही. उलट ते शुद्ध मनाने चालत असतील असे गृहीत धरले आहे. दोष शोधावयाचाच झाला तर तो आमच्या साक्षीत शोधा, असे ती जणू देवास सांगते. कांद्याच्या मापात खोट करणारा, भावाभावांत बांधाचा खटला चालविणारा, जातीच्या नावाने देवळातही वेगळा बसणारा आपल्यातला मनुष्य गुडघे टेकून ही विनंती म्हणतो, तेव्हा तो आपल्याविरुद्धच अर्ज करीत असतो. आणि त्यास त्याचा पत्ता नसतो.

इतके हाती लागल्यावर, पुढील पावसाळ्याच्या तोंडी, मी अण्णांकडे गेलो. ते ओट्यावर कांद्याच्या रिकाम्या गोण्या उसवीत बसले होते. मी त्यांस सांगितले की, तुम्ही विचारले होते त्याचे उत्तर असे: तुम्हांस ख्रिस्त मिळावा असे आम्ही मागतो, ते खोटे सांगणार नाही. त्याच्याच जोडीला, तुम्ही खऱ्या मनाने जे चालत आहात त्यात तुम्हांस सत्य सापडो असे मागतो, आणि आम्ही तुमच्याशी असे वागावे की आमच्या देवाची तुम्हांस लाज वाटू नये, असेही मागतो.

अण्णांनी सुतळी ओढीत ऐकून घेतले. नेवाशास ज्ञानोबांनी ग्रंथाच्या शेवटी जे मागितले ते त्यांस तोंडपाठ. तेथेही दुष्ट नाहीसे होवोत असे मागितलेले नाही, त्यांचे दुष्टपण जावो असे मागितले आहे, एवढे ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तर, तुम्ही आमच्यासाठी मागता ते बरंच आहे. पण आम्ही तुमच्यासाठी मागितलं तर तुमच्यात चालतं का?"

मी म्हणालो, "चालते."

आमचा धाकटा नातू त्या दिवसांत तापाने अंथरुणास खिळला होता. चार दिवसांनी अण्णा पंढरीच्या वाटेस लागले. निघताना पहाटेच आमच्या दाराशी आले, पिशवी खाली ठेवली, आणि पोराचे पाळण्यातले नाव काय ते विचारून घेऊन गेले.